हिवरे बाजार : आधी गवत आलं, मग पाणी

दुष्काळातून वर आलेलं हिवरे बाजार हे गाव पाहायला बसभरून माणसं जातात. सरपंच, ग्रामसेवक, बचत गटाच्या बाया, शेतकी महाविद्यालयाची पोरं. डोंगरावरचे चर बघतात, बंधाऱ्यावर उभं राहून फोटो काढतात, आणि परतताना बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: खर्च किती आला? त्याचं उत्तर सोपं आहे. सुमारे हजार हेक्टर शिवारावर माती-पाण्याची कामं करायला हेक्टरी चार हजारांच्या आसपास, एकूण ४२ लाख रुपये, आणि तो पैसा मुख्यतः रोजगार हमीचा. महाराष्ट्रात याहून मोठ्या रकमा याहून छोट्या गावांत जिरल्या आहेत. पाणी जिरायच्या आधी त्याच जिरल्या, एवढंच.

म्हणून या प्रकरणात खर्चाच्या दारानं शिरण्यात अर्थ नाही. मला कुतूहल आहे ते दोन गोष्टींचं. या गावानं काय काय बंद केलं, आणि ते बंद केलेलं लोकांनी सोसलं कसं? यशोगाथा म्हणून हिवरे बाजार आपल्याला तोंडपाठ आहे. व्यवहार म्हणून ते फार थोड्यांनी वाचलं असेल.

गाव होतं कसं

नगर (आताचं अहिल्यानगर) शहरापासून साधारण १७ किलोमीटरवर, नगर तालुक्यात हे गाव आहे. क्षेत्र ९७७ हेक्टर, लोकसंख्या तेराशेच्या घरात, भोवती डोंगर. सह्याद्रीनं पाऊस पलीकडेच उतरवून घेतला की इकडं उरतं ते वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटर. तेही धड नाही. एखाद्या वर्षी दोनशेच्या आत, एखाद्या वर्षी हस्ताच्या चार दिवसांत निम्मं. जिल्हा मात्र तोच, ज्याच्या उत्तर भागात प्रवरेच्या काठी १९५० साली राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. एकाच जिल्ह्यात वर पाटाचं पाणी आणि ऊस, खाली कुसळं आणि टँकर. नगरचा माणूस हे दोन्ही बघत मोठा होतो, आणि दक्षिणेतल्या शेतकऱ्याच्या डोक्यात ऊस हा पीक म्हणून कमी आणि प्रतिष्ठा म्हणून जास्त बसलेला असतो. हे लक्षात ठेवायला हवं, पुढं लागेल.

१९७२ च्या दुष्काळानं राज्यातल्या अनेक गावांसारखं हिवरे बाजारलाही मोडलं. त्याआधी हे गाव पैलवानांचं म्हणून ओळखलं जायचं. दुष्काळात पोटासाठी डोंगरावरची झाडं गेली, झाडांमागं माती गेली, मातीमागं विहिरींचं पाणी. मग घराघरांतून नगर-पुण्या-मुंबईची वाट, गावात हातभट्टी आणि भांडणं. सरकारी नोकराची इथं बदली झाली तर ती शिक्षा समजली जायची.

हा क्रम नीट बघितला तर दुष्काळ म्हणजे फक्त पावसाची तूट, हे बरोबर वाटत नाही. पाऊस १९७२ नंतर पुन्हा आला होता, चांगला आला होता. पण उघड्या डोंगरावर पडणारा पाऊस तासाभरात ओढ्याला लागतो आणि ओढा गावाबाहेर जातो. ४०० मिलिमीटर पडत होता, गावाला मात्र त्यातलं फार थोडं भेटत होतं.

नियम

१९८९ मध्ये गावातल्या तरुणांनी पुढाकार घेतला आणि एम. कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, ती मी भराभर ओलांडतो. १९९२ च्या सुमारास संयुक्त वन व्यवस्थापनातून, म्हणजे गाव आणि वनखातं मिळून, गावालगतचं ७० हेक्टर जंगल राखायला सुरुवात झाली. १९९४ मध्ये गाव राज्याच्या आदर्श गाव योजनेत आलं. तिचा पाया शेजारच्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी घातलेला. योजनेत शिरायचं तर गावानं काही बंधनं आधी मान्य करायची: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान. पुढं त्यात लोटाबंदी (उघड्यावर शौचाला बंदी) आली, आणि शेतीसाठी बोअरवेल घेण्यावर बंदी आली. ऊस-केळीसारखी जास्त पाण्याची पिकं नकोत आणि गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही, हे नियम गावानं स्वतःचे जोडले.

(नसबंदीबद्दल एक कंसातलं मत. माती-पाण्याच्या योजनेत ती का बसवली हे मला कधी कळलं नाही. ‘बंदी’ हा शब्द यमकासारखा जुळतो म्हणून एका ओळीत बसली असावी. आपल्याकडं तिचा भार कुणाच्या शरीरावर पडतो हे सांगायला नको.)

योजनेचं पाहणीपत्रक वाचणाऱ्याला या यादीत कामं दिसतात कमी आणि नकार दिसतात जास्त. खरी मेख तिथंच आहे. बंधारा बांधायला ठेकेदार मिळतो. शेजाऱ्याच्या शेळीला डोंगरावर जाऊ न द्यायला ठेकेदार मिळत नाही.

गवत

जाणकार ज्याला ‘परिसंस्थेच्या सेवा’ म्हणतात तो शब्द आपल्याकडं जरा अडचणीचा. सेवा म्हटलं की गावात सेवा सोसायटी आठवते, आणि तिचं कर्ज. पण अर्थ तसा साधा आहे. डोंगर, माती, गवत, ओढा, जमिनीखालचा मुरूम ही मंडळी बिनपगारी काम करत असतात. पाणी धरून ठेवायचं, माती जागेवर ठेवायची, वैरण द्यायची, शेणातून पुन्हा मातीला घालायची. पगार नसल्यामुळं त्यांच्या संपाची नोटीस कुणाला मिळत नाही. एक दिवस विहीर कोरडी दिसते, तेव्हा कळतं.

हिवरे बाजारला त्यांतली सगळ्यात आधी कामावर परतली ती गवताची मंडळी.

डोंगरावर सलग समतल चर खोदले जातात. साधारण दोन फूट रुंद, एक फूट खोल, डोंगराच्या कंबरेभोवती समपातळीत. खोदलेली माती उताराच्या बाजूला भराव म्हणून टाकायची. पहिल्या मोठ्या पावसात चर भरतो, दुसऱ्या दिवशी बघावं तर तळाशी बोटभर गाळ आणि पाणी गायब. त्या गाळावर आणि भरावाच्या मऊ मातीवर पहिले हिरवे ठिपके उठतात. लावलेलं रोप अजून जगायचं की मरायचं ते ठरवत असतं, तोवर गवत फुटव्याला आलेलं असतं. त्याला रोपवाटिका लागत नाही. बी मातीत असतंच. फक्त दोन पावसाळे त्याच्या डोक्यावर दात नकोत.

म्हणून चराईबंदी हा सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. आणि तो सगळ्यात दुखणाराही आहे. दुष्काळी भागात शेळी ही गरिबाची पतपेढी असते. लग्न, दवाखाना, शाळेची फी, काही अडलं की एक बोकड बाजारात जातो. तिला डोंगरावर जायचं नाही म्हणणं म्हणजे कुणाची तरी ठेव गोठवणं. हिवरे बाजारनं त्यावर काढलेला तोडगा असा: जनावर डोंगरावर जाणार नाही, पण माणूस विळा घेऊन जाईल. वर्षाला विळ्यामागं शंभर रुपये भरा आणि कापून न्याल तेवढं तुमचं.

या एका व्यवस्थेत बरंच काही बसलंय. जनावर गवत मुळापासून ओरबाडतं आणि खुरांनी चर मोडतं, विळा बुडखा शिल्लक ठेवतो. गवत कापायला बी पडून गेल्यावर जायचं असतं, म्हणून पुढच्या वर्षीची सोय आपोआप होते. आणि जमीन कुणाच्या नावावर किती, हे विळ्याला विचारलं जात नाही. भूमिहीनाला डोंगरावर तेवढाच हक्क, जेवढा वीस एकरवाल्याला.

गावाच्या नोंदीप्रमाणं २००० साली गवत निघालं सुमारे १०० टन. २००४ मध्ये ते ६,००० टनांवर गेलं. नव्वदच्या दशकाच्या मध्याला गावातून दिवसाला दीडशे लिटर दूध जायचं, पुढच्या दशकात ते चार हजार लिटरपर्यंत पोचलं. या दोन आकड्यांच्या मध्ये गावाचं सगळं राजकारण आहे असं मला वाटतं.

कारण भूजल सावकाश चढतं. चर खोदल्यावर विहिरीला खात्रीचा फरक दिसायला काही पावसाळे जातात, त्यात एखादा कोरडा निघाला की लोक म्हणायला मोकळे, “उगाच उकराउकरी केली.” तोवर बंधनं टिकवायची कशी? भाषणानं एक वर्ष टिकतील. गवतानं ती टिकवली. पाण्याआधी वैरण घरात आली, वैरणीमागून संकरित गाय आली, आणि गाईमागून दर दहा दिवसांनी डेअरीचं बिल. डोंगर राखल्याचे पैसे दहाव्या दिवशी हातात पडतात म्हटल्यावर राखण करायला चौकीदार लागत नाही. शेणखत वाढलं, गोबरगॅस आला, जळणासाठी कुऱ्हाड उचलायचं कारण थोडं कमी झालं. कुऱ्हाडबंदी अशी मागच्या दारानं शक्य झाली.

पाणलोटाचे अहवाल यातला क्रम उलटा लिहितात: पाणी अडवलं, पातळी वाढली, उत्पन्न वाढलं. गवत त्यात ‘इतर लाभ’ या रकान्यात शेवटून दुसरं असतं.

पाण्याचा ताळेबंद

पाणी आल्यावर खरा धोका सुरू होतो. मराठवाड्यात आणि नगर-सोलापूरच्या पट्ट्यात कितीतरी गावं इथंच घसरली. बंधारे भरले, विहिरींना पाणी चढलं, आणि तिसऱ्या वर्षी प्रत्येकानं ऊस किंवा फळबाग लावली. चवथ्या वर्षी पाऊस कमी पडला, मग विहिरीत आडवे बोअर, मग उभे बोअर, तीनशे फूट, सहाशे फूट. पाणलोटाचं काम होऊनही टँकर लागला, हे वाक्य अशा गावांत ऐकायला मिळतं.

हिवरे बाजारनं २००४ पासून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या मदतीनं. गावात पर्जन्यमापक, ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी, त्यावरून जमेची बाजू. खर्चाच्या बाजूला आधी माणसं, मग जनावरं, मग उरलं ते शेती. शेतीला किती उरतं ते ग्रामसभेत सांगायचं आणि त्यावर रब्बीला काय घ्यायचं ते ठरवायचं. पाऊस चांगला तर कांदा-बटाटा, भाजीपाला. पाऊस ओढला तर ज्वारी-हरभरा आणि तेही हात राखून.

हे ऐकायला सोपं वाटतं, म्हणून एक ढोबळ हिशेब करून दाखवतो. हा हिशेब माझा आहे, गावाचा नाही. गावाचा त्याहून बारीक असतो.

एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी. ९७७ हेक्टरवर ४०० मिलिमीटर पडला तर सुमारे ३९० कोटी लिटर. आकडा बघून छाती फुगते. आता तेराशे माणसांना दिवसाला ५५ लिटरप्रमाणं वर्षाचं पाणी किती? साधारण २ कोटी ६० लाख लिटर. म्हणजे पडणाऱ्या पावसाच्या एक टक्काही नाही. पावसाच्या मापानं बघितलं तर हिवऱ्यासारख्या गावाला प्यायला पाणी कमी पडायचं कारणच नाही. शंभर मिलिमीटर पडला तरी नाही.

पण ३९० कोटी लिटर काही हातात येत नाही. निम्म्याहून जास्त उन्हानं आणि पिकानं उडतं, काही वाहून जातं. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात पावसाचा दहा-बारा टक्के भाग आपसूक जमिनीत उतरतो असं धरलं तर झाले चाळीस कोटी लिटर. चर-बंधाऱ्यांनी त्यात भर पडते, पण मुद्द्यापुरते चाळीसच धरू.

आता एक हेक्टर ऊस वर्षाला दोन ते अडीच कोटी लिटर पितो. म्हणजे एक हेक्टर ऊस आणि तेराशे माणसांचं वर्षाचं पिणं जवळपास सारखं. चाळीस कोटींत अठरा हेक्टर ऊस होईल, आणि त्यात कुणालाच प्यायला उरणार नाही. त्याच पाण्यात रब्बी कांदा सत्तर हेक्टरांच्या आसपास निघेल. आणि ज्वारी-हरभऱ्याला दोनच संरक्षित पाळ्या द्यायच्या ठरवल्या, हेक्टरी पंधरा लाख लिटर, तर अडीचशेहून जास्त हेक्टर. पाणी तेच, चाळीस कोटी. अठरा हेक्टर किंवा अडीचशे.

गावातल्या अठरा हेक्टरवाल्यांची आणि अडीचशे हेक्टरवाल्यांची संख्या मोजली की ग्रामसभेत काय व्हायला हवं ते कळतं. बहुतेक गावांत तसं होत नाही, कारण अठरा हेक्टरवाले पुढच्या रांगेत खुर्चीवर असतात.

हिवऱ्याचं बागायत क्षेत्र १९९९ मध्ये १२० हेक्टर होतं, २००६ पर्यंत ते २६० वर गेलं. विहिरी ९७ होत्या, त्या २१७ झाल्या. विहिरींची संख्या दुपटीहून वाढूनही उपसा आटोक्यात राहिला, हे त्या गावाचं मला सगळ्यात मोठं कोडं वाटायचं. आता वाटत नाही. त्याचं उत्तर विहीर आणि बोअर यांच्यातल्या फरकात आहे.

विहीर दिसते, बोअर दिसत नाही

आपल्या भागात वरची माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक, आणि मग सलग काळा पाषाण असे थर असतात. साध्या विहिरीचं पाणी म्हणजे मुरुमातलं आणि वरच्या भेगांतलं. हा थर दर पावसाळ्यात भरतो आणि उन्हाळ्यात रिकामा होतो. पगारासारखा. खोल बोअर खालच्या भेगांना हात घालतो, जिथं पाणी साचायला कितीतरी वर्षं लागलेली असतात, आणि वरच्या थराला भोक पाडून त्याचंही पाणी खाली खेचतो. शेजारच्याची विहीर अशीच आटते. कागदावर त्याचा पुरावा नसतो.

याहून महत्त्वाची गोष्ट भूगर्भातली नाही, डोळ्यांची आहे. विहिरीत कुणीही डोकावू शकतं. शेजाऱ्याच्या विहिरीला किती परस पाणी आहे, मोटर किती तास चालली, कठड्याखाली ओलीची खूण किती उतरली, हे रस्त्यानं जाणाऱ्या म्हातारीलाही दिसतं. बोअर म्हणजे जमिनीतून वर आलेली एक पाइप. आत काय आहे ते मालकालाही ठाऊक नाही. ज्या पाण्याची पातळी कुणालाच दिसत नाही त्याचा ताळेबंद कुणी मांडायचा आणि कुणी मानायचा? बोअरबंदीनं हिवऱ्यात पाणी वाचवलं असेलच, पण तिनं पाणी सगळ्यांच्या नजरेत ठेवलं. नियम मोडणारा रंगेहाथ सापडण्याची सोय राहिली.

शेततळ्यांचं बघा. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ म्हणत राज्यभर तळी झाली. मूळ कल्पना वाहून जाणारं पाणी धरायची. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात दिवाळीच्या सुमारास विहिरीचं पाणी उपसून भरतात. सगळ्यांच्या मुरुमातलं पाणी एकाच्या कुंपणात जातं आणि उन्हाळाभर वाफ होत राहतं. मालकाच्या दृष्टीनं तो शहाणपणाच आहे, कारण विहिरीत ठेवलं तर शेजारी उपसणार. गावात विश्वास नसला की प्रत्येकजण आपली टाकी भरून घेतो.

जलयुक्त शिवारचं दुखणंही जवळपास हेच. त्या योजनेवर ९,६०० कोटींहून जास्त खर्च झाला, आणि २०२० मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालानं भूजल पातळीवर त्याचा परिणाम नगण्य असल्याचं नोंदवलं. जेसीबीनं नाला खोल करता येतो. उपशाला हात लावायचं काम जेसीबीचं नाही.

कुणाला काय पडलं

आता त्या बाजूकडं येतो जी फोटोत येत नाही.

शेळी स्वतःच्या पायानं डोंगर चढायची आणि स्वतःचं पोट भरून संध्याकाळी परत यायची. चराईबंदीनंतर गवत खाली येतं ते भाऱ्यानं, आणि भारा डोक्यावर बाईच्या. गोठ्यात बांधलेल्या संकरित गाईला दिवसातून दोनदा वैरण, पाणी, शेण काढणं, धारा. दूध वाढलं चार हजार लिटर, त्यामागचे तास कुणी मोजले नाहीत. पाण्यासाठीची पायपीट कमी झाली हे खरं, आणि ते लहान सुख नाही. पण एका कामाच्या जागी दुसरं आलं, हेही लिहून ठेवायला हवं. डेअरीचं खातं कुणाच्या नावावर, हा प्रश्न हिवऱ्यातच काय, कुठंही विचारून बघावा.

ज्याच्याकडं जमीन नाही त्याला पहिल्या वर्षांत चर खोदायची मजुरी मिळाली, नंतर कांदा लागण-काढणीची. १९९२ ते २००२ या दहा वर्षांत चाळीस कुटुंबं गावाकडं परतली, यावरून गावात काम होतं हे दिसतं. पण जमिनीखालचं वाढलेलं पाणी शेवटी ज्याच्या शेतात विहीर त्याचंच. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर जी पाणी पंचायत उभी केली, तिनं हा प्रश्न सरळ अंगावर घेतला होता: पाण्याचा हक्क जमिनीमागं नाही, घरातल्या माणसांमागं, माणशी अर्धा एकर, आणि भूमिहीनालाही वाटा. हिवरे बाजार तिथवर गेलं नाही. त्यांनी काय पिकवायचं यावर मर्यादा घातली, पाणी कुणाचं याला हात लावला नाही. कदाचित म्हणूनच ते टिकलं, असंही कुणी म्हणेल. मला ते पटतं आणि आवडत नाही.

दुसरी मर्यादा जागेची. हे गाव डोंगरांच्या वाटीत आहे, त्याचा पाणलोट बराचसा त्याच्याच हद्दीत पडतो. माथ्यावर अडवलेलं पाणी पायथ्याला आपल्याच विहिरीत उतरतं, म्हणून वरच्यानं राखावं आणि खालच्यानं खावं हे भांडण गावातल्या गावात मिटतं. सपाट मुलखात, जिथं ओढा चार गावांतून येतो आणि पाचव्यात जातो, तिथं हेच नियम कोण कुणावर लादणार?

तिसरी माणसाची. तीस वर्षं एकच नेतृत्व. पोपटरावांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली, राज्याच्या आदर्श गाव योजनेची सूत्रंही त्यांच्याकडं आली. टीकाकार म्हणायचे, बिनविरोधच्या झाकणाखाली काय शिजतं कोण जाणे. जानेवारी २०२१ मध्ये तीस वर्षांनी प्रथमच ग्रामपंचायतीला मतदान झालं आणि सातही जागा त्यांच्याच गटाला गेल्या. झाकण उघडलं आणि आत तेच निघालं. मला स्वतःला विरोधी एखादा निवडून आला असता तर बरं वाटलं असतं, ताळेबंद तपासायला दुसरे डोळे मिळाले असते. पण ते माझं शहरातून बसून वाटणं.

आणि बाजार? त्याचा ताळेबंद कुठल्याच ग्रामसभेच्या हातात नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं कांदा निर्यात बंद केली तेव्हा नगरच्या शेतकऱ्यानं पाणी मोजून लावलं होतं की न मोजता, याचा भावावर काही परिणाम झाला नाही. दुधाचं तसंच. पेंड महागली आणि दुधाचा दर उतरला की संकरित गाय ज्या वेगानं घर वर आणते त्याच वेगानं खाली नेते. तेव्हा गाईला डोंगरावरचं शंभर रुपयांचं गवत तारतं. विकतच्या वैरणीवर दूध काढणाऱ्या गावांपेक्षा इथला शेतकरी तेवढ्यापुरता सावध राहतो, आणि २०१२-१३ किंवा २०१८-१९ सारख्या वर्षांत, आसपासच्या तालुक्यांत छावण्या आणि टँकर सुरू असताना, हाच फरक दिसून आला.

आमच्याकडचा प्रयोग

मी वरचा चाळीस कोटींचा हिशेब एकदा आमच्या गावच्या ग्रामसभेत फळ्यावर मांडला. गाव नगरचंच, दक्षिणेकडचं, नाव नको. आमचं शिवार हिवऱ्यापेक्षा मोठं आहे, पाऊस तेवढाच. आकडे बदलून घेतले होते. एक हेक्टर ऊस आणि हजारभर माणसांचं वर्षाचं पिणं सारखं, हे लिहिलं तेव्हा मागच्या रांगेत कुजबुज झाली. पुढच्या रांगेत शांतता. मग एकानं विचारलं, आधीच घेतलेल्या बोअरचं काय? दुसरा म्हणाला, बोअर बंद करायचे तर सगळ्यांचे, एकाचे नाहीत. त्यावर बराच वेळ वाद झाला आणि नेहमीसारखा दोन भावकींच्या जुन्या बांधावर जाऊन थांबला.

मी गवताचा विषय काढला. म्हटलं, पाण्याचं राहू द्या, दोन वर्षं गायरान राखून तर बघू. जनावर सोडायचं नाही, विळ्यानं कापायचं. माना हलल्या. हे कुणालाच फार अवघड वाटलं नाही.

भिंतीला टेकून बसलेल्या एका मावशींनी तेवढ्यात विचारलं, “शेरडं इकायची, आन गवताचा भारा डोंगरावरनं कुणी आनायचा? आमीच ना?”

कुणी उत्तर दिलं नाही. ग्रामसेवकांनी इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ असं लिहिलं आणि पुढचा विषय घेतला. तो स्मशानभूमीच्या शेडचा होता.